काळविटाचं नाव कोणी फोडलं?

शेषराव वायाळ खासगी तपासनीस अनुपमा सरोदेंच्या कचेरीत आले, पण खुर्चीवर बसायला तयार होईनात.

"मला नाव पाहिजे," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "फक्त नाव. पुढचं मी बघतो."

त्यांच्या मागे दारातच त्यांची मुलगी उभी होती. वय एकोणीस-वीस. तोंडावरचा स्कार्फ तिनं आत आल्यावरही काढला नव्हता.

इंद्रभान सरांनी दोघांपुढे पाण्याचे ग्लास ठेवले. देऊळघाटच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले सर आता अनुपमाची गाडी चालवत, सोबत करत आणि आपल्याला सगळ्यात आधी कोडं सुटेल अशी आशा दर वेळी धरत. अजून तसं एकदाही झालं नव्हतं.

"भाऊ, आधी बसा," अनुपमा म्हणाली. "आणि मुलीला बोलू द्या."

अपेक्षानं स्कार्फ सोडला आणि हळू आवाजात सांगायला सुरुवात केली.

मोबाईलवर 'किल्लेदार' नावाचा खेळ होता. किल्ला राखायचा, दुसऱ्याचा घ्यायचा. तो खेळणाऱ्या मराठी पोरांचं इंटरनेटवर एक फोरम होतं, 'गढी'. तिथे डावपेच सांगितले जात, भांडणं होत, मैत्र्याही होत. मेहकरचा प्रसेनजित ते चालवायचा. अपेक्षा तिथे 'काळवीट' होती आणि काळविटाइतका चांगला किल्लेदार गढीवर दुसरा नव्हता.

"मी मुलासारखंच लिहायचे," ती म्हणाली. "मी जिंकलो, मी हरलो. मराठीत दुसरा इलाज नाही. 'जिंकले' लिहिलं की लगेच कळतं."

गेल्या काही महिन्यांत गढीवर शिवीगाळ फार वाढली. वैतागून प्रसेनजितनं जाहीर केलं, की येत्या एक तारखेपासून प्रत्येकानं खऱ्या नावानंच लिहायचं. त्यावरून दोन तट पडले. नावाच्या बाजूनं सगळ्यात मोठा आवाज होता मेहकरच्या हरिओमचा. विरुद्ध बाजूनं काळविटाचा.

"आणि मग हे आलं."

तिनं फोन पुढे केला. 'आरसा' असं नाव घेतलेल्या कुणा नव्या सदस्यानं लिहिलं होतं:

'गढीवरच्या पोट्टेहो, काळवीट हा पोरगा नाही बे. साखरखेर्ड्याची अपेक्षा शेषराव वायाळ हाय. विचारा तिले, नाव काऊन लपवते? लई शाणी समजती सोताला.'

"खरं नाव मागणारा स्वतः खोट्या नावानं आला," सर म्हणाले. त्यांनी मजकूर पुन्हा वाचला आणि सवयीनं नाक मुरडलं. "भाषा पाहा."

"पाहते आहे," अनुपमा म्हणाली.

त्यानंतर गढीवर काय काय लिहिलं गेलं ते अपेक्षानं सांगितलं नाही. वडिलांसमोर सांगण्यासारखं नव्हतं. कुणीतरी त्या मजकुराचा फोटो गावातल्या ग्रुपवर टाकला. मग मोटारसायकलवाले गल्लीत येऊन हॉर्न वाजवायला लागले.

"पोरगी जेवती ना बोलती," शेषराव म्हणाले. "खिडकी लावून बसती. पोलिसांत अर्ज दिलाय. पण कॉलेज बंद केलं मी तिचं. मामानं चिखलीचं स्थळ आणलंय, उरकून टाकू म्हणतो."

अपेक्षानं मान खाली घातली.

"काळवीट म्हणजे तू, हे कोणाला माहीत होतं?" अनुपमानं विचारलं.

"एकट्या सारिकाला. बारावीपर्यंत बुलढाण्यात आम्ही एका खोलीत राहायचो."

"घरात?"

"कोणालाच नाही. घरी मी गढीबद्दल एक शब्द काढला नाही. आताही त्यांना तो फोटो तेवढा माहीत आहे."

"आणि गढीवर तुझ्या सगळ्यात जवळचं कोण?"

"पिंपळ." पहिल्यांदाच तिचा चेहरा थोडा खुलला. "दोन वर्षं आम्ही जोडीनं खेळतो. मी मुलगा आहे असंच समजून तो मनातलं सगळं सांगायचा. फार भला आहे. दिवाळीपासून आमच्याकडे सारखी लाईट जाते, वायफाय बंद पडतं आणि मी ऐन डावात बाहेर फेकली जाते. दुसरा कुणी असता तर चिडला असता. पिंपळ म्हणायचा, काही हरकत नाही, मीही तेव्हाच बाहेर पडलो होतो."

"तुझं नाव फुटल्यावर तो काय म्हणाला?"

"काहीच नाही. त्या दिवसापासून तो आलेलाच नाही."

*

सारिका देऊळघाटातच सापडली. सरांचीच जुनी विद्यार्थिनी. त्यांना बघून ती उभी राहिली आणि बोलता बोलता रडायला लागली.

"सर, मी कोणालेच सांगतलं नाही. माह्या आईलेही नाही. ती मले फोन करत नाही आता. तिले वाटते मीच केलं."

गाडीत बसल्यावर सर म्हणाले, "मॅडम, रडणं खरं वाटलं मले. पण माहीत तं हिलेच होतं."

"हिला सांगितलं म्हणून माहीत होतं. न सांगताही कुणाला कळलं असेल."

मेहकरात प्रसेनजितचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तो खरोखरच खचलेला दिसला.

"माह्यामुळंच झालं हे," तो म्हणाला. "शिव्या बंद व्हाव्या म्हणून नियम आणला, अन् हे काय होऊन बसलं?"

"सदस्यांची नावं तुमच्याजवळ आहेत?"

"नावं एक तारखेनंतर येतील. सध्या फक्त मोबाईल नंबर हाय. काळविटाचा नंबर मी मागं एकदा पाहिला होता, तं शेषराव वायाळ नाव निघालं. मले वाटलं होतं, काळवीट म्हणजे कोणी शेषराव."

"आरशाचा नंबर?"

"बंद हाय."

"एखाद्यानं एक तारखेच्या आत खातं बंद केलं तर?"

"जुनं लिखाण राहीनच, अन् त्याच्यावर नाव लागीनच. आधी शिव्या देऊन पळून जाणाऱ्यायसाठी तसंच ठरवलं होतं."

मग त्यानं काळविटाचा नियमाविरुद्धचा लेख उघडून दाखवला. गढीवरचं लिखाण फक्त सदस्यांनाच दिसत असे. सरांनी चष्मा चढवून मोठ्यानं वाचलं, "'नावाची सक्ती म्हणजे दुबळ्याच्या अंगावरचं कवच काढून घेणं. दांडग्याला कवच लागतच नाही.'" मग म्हणाले, "लिहिते चांगलं पोरगी. पण मले अजूनही वाटते, भल्या माणसाले नाव लपवायची गरज काऊन पडावी?"

अनुपमानं तो लेख पुन्हा एकदा वाचला.

हरिओमचं बियाण्याचं दुकान चौकापलीकडेच होतं. त्यानं आवाज चढवूनच सुरुवात केली.

"मी पहिल्या दिवसापासून माह्या नावानं लिहितो. मले आरसा व्हायची काय गरज? अन् काळवीट पोरगी हाय हे माहीत असतं, तं तिच्याकडून तीनदा हरलो हे मी चारचौघांत कबूल केलं असतं का?"

"पण तुमच्या सोबत्यांनी तिला घाण घाण लिहिलं."

हरिओमचा आवाज उतरला. "लिहिलं. तेही सोताच्या नावानंच लिहिलं. मले वाटलं होतं, नाव असलं की माणसाले लाज वाटीन."

परतताना हे वाक्य सरांना डाचत होतं.

"हरिओमच असावा," शेवटी ते म्हणाले. "आरशाचं बोलणं अस्सल मेहकरकडचं हाय. बे, काऊन, तिले."

"सर, तुम्ही पेपर तपासताना शेवटची ओळ सोडून देत होता का?" अनुपमा हसून म्हणाली. "गाडी साखरखेर्ड्याला घ्या."

*

वायाळांचं घर गावाच्या कडेला होतं, मागे मिरचीचे वाफे. आशाबाईंनी ओसरीवर सतरंजी टाकली. शेषराव शेतात पाणी द्यायला गेले होते. अपेक्षाचा थोरला भाऊ भागवत घरी होता. पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी सोडून तो दिवाळीत परत आला होता.

"तुम्ही गढीवर आहात?" अनुपमानं त्याला विचारलं.

"छे. मी असले खेळ खेळत नाही. बाबांच्या फोनवर तो फोटो आला, तेव्हा पहिल्यांदा नाव ऐकलं."

"बहिणीशी बोललात?"

"ती ऐकती का कुणाचं? सगळ्यांच्या कवचाची काळजी करत बसली, आणि शेवटी तिचंच कवच..." तो थांबला. त्यानं तोंड फिरवलं.

सरांना वाटलं, भाऊ आहे, जीव तुटणारच.

अनुपमानं आशाबाईंना चहा टाकायची विनंती केली. मग अपेक्षाला बाहेर बोलावलं आणि दोघा भावंडांसमोर बसली.

"तुझ्या वडिलांना नाव पाहिजे आहे. पण पहिला हक्क तुझा. म्हणून ते यायच्या आत सांगते. आरशानं अशी भाषा लिहिली, की वाचणाऱ्याचं बोट मेहकरच्या पोरांकडे जावं. 'तिले', 'काऊन', 'बे'. पण राग आला की माणूस घरच्या बोलीवर येतो. शेवटची ओळ बघा. 'लई शाणी समजती सोताला.' सारिका काय म्हणाली असती, सर?"

सरांनी कपाळावर हात मारला. "समजते सोताले! सारिका म्हणे, 'तिले वाटते.' मेहकरचेही 'मले, तिले'च म्हणून राह्यले होते. अन् शेषरावभाऊ म्हणत होते, पोरगी जेवती ना बोलती..."

"म्हणजे आरसा इकडचा, साखरखेर्ड्याच्याच बाजूचा. प्रसेनजितजवळ नंबर होता, पण त्यावरून शेषरावांपर्यंतच पोचता येत होतं. सारिकाला माहीत होतं, पण बोली तिची नाही. मग इकडच्या कुणाला हे न सांगता कसं कळलं?" ती अपेक्षाकडे वळली. "पिंपळ म्हणायचा, मीही तेव्हाच बाहेर पडलो. तुला वाटलं, भलेपणानं म्हणतो. तो खरं बोलत असेल तर?"

अपेक्षा गोंधळली. "म्हणजे त्याची लाईटपण..."

"तुझ्याच वेळी जायची. दर वेळी. आणि केव्हापासून? दिवाळीपासून."

अपेक्षानं सावकाश मान वळवून भावाकडे पाहिलं.

"भागवत, तुम्ही गढीवर कधी गेला नाहीत," अनुपमा शांतपणे म्हणाली. "घरात फक्त तो एक फोटो आला, आणि त्यात कवचाबद्दल अक्षर नाही. तो शब्द काळविटाच्या लेखातला आहे. लेख फक्त सदस्यांना दिसतो. घरी ती एक शब्द बोलली नाही. मग तुम्ही तो कुठं वाचलात?"

आतून भांड्यांचा आवाज येत होता. भागवतनं आतल्या दाराकडे पाहिलं.

"मी विनोद लिहिला होता," तो म्हणाला. "पिंपळ म्हणून. काळविटाला. आणि भिंतीपलीकडून ही हसली. मला वाटलं, योगायोग. मी आणखी एक लिहिला. ही परत हसली."

"तू?" अपेक्षा त्याच्यापुढे सरकली. "पिंपळ तू? मग पुण्याहून त्या दिवशी, जगून काय करायचं असं लिहिलं होतंस, तो..."

"हळू बोल. आई आहे."

"मी दुपारभर तुझ्याशी बोलत बसले होते, दादा. कोण आहे, कुठला आहे, काही माहीत नव्हतं."

"म्हणून तर बोलू शकलो." त्यानं डोळे पुसले. "एक तारखेला त्या सगळ्यावर माझं नाव लागणार होतं. खातं बंद करूनही सुटका नव्हती. तू वाचलं असतंस, भागवत वायाळ. घरात ज्याला सगळे हुशार म्हणतात तो. तुझं नाव फुटलं तर तू गढी सोडशील, माझ्या नावाचं ते पान तुला दिसणार नाही, एवढंच डोक्यात होतं. बाकीचे असं काही करतील असं... आणि रागही आला होता. माझं सगळं तुला माहीत, आणि तू जेवताना समोर बसून मीठ मागतीस."

"मला तरी कुठं माहीत होतं?"



सरांनी चष्मा काढून पुसला. भल्या माणसाला नाव लपवायची गरज का पडावी, असं त्यांनी दुपारीच विचारलं होतं.

शेषराव हातपाय धुऊन ओसरीवर आले. अनुपमाला पाहताच त्यांनी विचारलं, "मिळालं नाव?"

अनुपमानं अपेक्षाकडे पाहिलं. तिच्या आधी भागवतच उठला.

"बाबा, मी केलं ते."

शेषरावांचा हात वर गेला आणि तसाच हवेत राहिला. "तू? सख्ख्या बहिणीचं? का रं?"

अपेक्षा उठून दोघांच्या मध्ये आली.

"बाबा, ते मला कळलंय. ते मी सांगणार नाही, आणि त्यालाही विचारू नका."

"का नाही?"

"कारण ते त्यानं मला विश्वासानं सांगितलं होतं. मारायचं असेल तर मला मारा."

शेषरावांचा हात खाली आला. ते पायरीवर बसले. आशाबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या होत्या.

"त्यानं माझं जे केलं ते मी विसरणार नाही," अपेक्षा पुढे म्हणाली. "त्यानं गढीवर लिहायचं, की हे आपण केलं. स्वतःच्या नावानं. आणि मी सोमवारपासून कॉलेजला जाणार. मामाला नाही म्हणून कळवा."

शेषरावांनी मिरचीच्या वाफ्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मामाला मी बघतो."

*

पुढच्या आठवड्यात प्रसेनजितचा फोन आला. त्यानं नावाचा नियम मागं घेतला होता. शिव्या देणाऱ्यांना बाहेर काढलं होतं. त्यात हरिओमचे दोन दोस्त होते, आणि त्यांना बाहेर काढायला हरिओमनंच मदत केली होती. भागवतनं पूर्ण नावानिशी माफी मागितली होती. आरसा आपण, एवढंच त्यात होतं. पिंपळाचा उल्लेख नव्हता.

"आता सगळे त्याच्यावर तुटून पडून राह्यले," प्रसेनजित म्हणाला. "आईबहिणीवरून शिव्या. मी काढतो तेवढ्यात नवीन येते. पण आत्ता एक उत्तर आलं, ते वाचून दाखवतो."

अनुपमानं फोनचा आवाज वाढवला. सर जवळ सरकले.

"'भागवत माझा भाऊ आहे. त्याला काय बोलायचं ते मी घरी बोलले आहे आणि अजून बोलणार आहे. तुम्ही त्यात पडू नका. ज्यांना खेळायचंय त्यांनी संध्याकाळी या, उत्तरेचा किल्ला मी राखते आहे.'"

"'राखते'," सर पुटपुटले. "'राखतो' नाही लिहिलं."

"आणि खाली नाव काय टाकलंय?" अनुपमानं विचारलं.

"काळवीट," प्रसेनजित म्हणाला.