सोड म्हणेपर्यंत

काष्टीच्या अलीकडं दानीएलच्या जुन्या व्हॅनचं क्लचचं पेडल जे खाली गेलं, ते वर यायचं नावच घेईना. गिअर पडेना. मागच्या सीटवर शेजारचे रामहरी आबा सुजलेले पाय पसरून बसले होते. दुपारी नगरला त्यांचं डायलिसिस होतं. मागची पाळी चुकली होती आणि ही चुकली तर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

चौघांनी ढकलत व्हॅन मच्छिंद्रच्या गॅरेजात आणली. दानीएल शाळेत विज्ञान शिकवायचा, आणि या माणसाचं काम बघताना त्याला फार बरं वाटायचं. उगाच खोलाखोली नाही. मच्छिंद्रनं आधी क्लचलाही लागणाऱ्या ब्रेक ऑइलची डबी पाहिली, ती निम्मी रिकामी. पेडलमागच्या वरच्या सिलिंडरवर बोट फिरवलं, ते कोरडं निघालं. मग गाडीखाली सरकून गिअरबॉक्सजवळच्या सिलिंडरचं रबर मागं सारलं, तर बोटभर तेल.

"वरचा सिलिंडर चांगला हाय. खालच्याचं रबर गेलंय."

रबर बदललं. आता नळीत शिरलेली हवा काढायची. या कामाला दोघं लागतात, एक पेडलवर आणि एक खाली, हवा सोडायच्या नटावर. पूर्वी पेडलवर मच्छिंद्रची बायको छबूबाई असायची. दाराखाली चपला काढून ती सीटवर चढे, आणि खालून 'सोड' आल्याशिवाय पाय उचलत नसे. एकदा मच्छिंद्र गिऱ्हाइकाशी बोलता बोलता चहाला निघून गेला. परत आला तर बाई घामाघूम, पण पेडल तसंच दाबलेलं. काष्टीच्या बाजारात लोक हे अजून कौतुकानं सांगतात. ती वारून वर्ष होत आलं होतं.

आज तिच्या जागी दानीएल बसला. खालून 'दाब' आलं की दाबायचं, 'धर' म्हटलं की धरायचं. एकदोनदा झालं असेल, तेवढ्यात लिंबाखाली बाजेवर निजवलेले आबा कण्हले. दानीएल उठून धावला.

आबांना घोटभर पाणी पाजताना मागून आवाज आला. "दाब." मग "धर." मग "सोड."

आपल्या जागी कोण बसलं, म्हणून त्यानं वळून पाहिलं. दार उघडं होतं आणि सीट रिकामी होती.

तो जवळ गेला.

"दाब."

पेडल खाली गेलं. हिसका नाही, घाई नाही. तळाला टेकून तिथंच राहिलं. दोरी नव्हती, तार नव्हती, दानीएलनं वाकून पाहिलं.

"सोड."

पेडल वर आलं. दानीएल एक पाऊल मागं सरला. तरी त्याच्या मनात आलं, किती सुरेख दाबतंय.

"दाब. धर."

नट आवळल्याचा आवाज झाला. मच्छिंद्र बाहेर आला. सीटकडं त्यानं पाहिलं नाही. पेडल खालीच होतं.

"भाऊ, सोड म्हणायचं राहिलं," दानीएल हळूच म्हणाला.

"म्हाईत हाय." मच्छिंद्र चिंधीनं हात पुसत राहिला. "तुमी उठल्यावर पाय बदलला. तो पाय वळखला मी. वर्षानं आली."

दानीएलनं रिकाम्या सीटकडं पाहिलं.

"सोड म्हनलं की जाती ती."

लिंबाखालून आबांची धाप ऐकू येत होती. मच्छिंद्र त्यांच्या पायांकडं बघत राहिला. हात पुसून झाले होते, तेच त्यानं पुन्हा पुसले.

"सोड गं," तो म्हणाला.

पेडल अलगद वर आलं.

आबांना घेऊन व्हॅन निघाली. गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. दानीएलनं आरशात पाहिलं. व्हॅन उभी होती तिथं, तिचं दार होतं त्या जागी, मच्छिंद्र वाकून काहीतरी उचलत होता. बाईमाणसाच्या चपला होत्या.

पुढच्या वळणावर गिअर बदलायला दानीएलनं डावा पाय उचलला. पेडल आधीच खाली गेलं होतं.

त्यानं गिअर टाकला. पेडल वर येईना. मागं आबा धापा टाकत होते.

"सोडा, वहिनी," दानीएल म्हणाला.