कुपीतलं परकं रक्त

"लीबिग, ही बाई औषधाने मेली. आणि ते औषध तिला मिळायलाच नको होतं."

ॲडलेडच्या शवागारातून डॉक्टर रत्नायकेंचा फोन आला तेव्हा सार्जंट ग्वेन लीबिग जेवायला बसत होती. ती उठलीच.

मर्ल हॅड्रिक, रेनमार्कची, वय चौऱ्याहत्तर. अल्झायमर. एका नव्या औषधाच्या चाचणीत होती. तिसऱ्या सलाइननंतर मेंदूत रक्तस्राव झाला.

"औषध म्हणजे बाहेर तयार केलेली प्रतिपिंडं," रत्नायके म्हणाले. "मेंदूत साचलेल्या गाळाला ती चिकटतात आणि शरीराच्या सफाई पेशींकडून तो उचलवून घेतात. बहुतेकांना सोसतं. पण एका जनुकाच्या दोन्ही प्रती वाईट असल्या, तर गाळ निघताना मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुटायची भीती फार. अशांना या चाचणीत घेतच नाहीत. मर्लच्या दोन्ही वाईट होत्या. चाचणीआधीच्या अहवालात मात्र एकच."

"लॅबची चूक?"

"असेलही. जनुकांचा नमुना त्यांनी नष्ट केलाय. त्याच दिवसाच्या रक्तातलं थोडं सीरम, पेशी काढून उरलेलं पाणी, एका कुपीत गोठवून ठेवलंय, पण त्यातून जनुक नाही कळायचं."

ग्वेन रेनमार्कला गेली. मर्लचा नवरा क्लाइव्ह संत्र्याच्या बागेत नुसताच उभा होता. झाडावरची फळं उतरवायची राहून गेली होती.

"त्रास काय काय होता त्यांना?"

"गुडघे. मरी नदीला मोठा पूर आला होता, तेव्हा डास चावून रॉस रिव्हरचा ताप आला. रक्त तपासून डॉक्टरांनी पक्कं सांगितलं होतं. तेव्हापासून थंडी पडली की कण्हायची. शेवटी शेवटी माझं नाव विसरली, पण गुडघ्यांचं दुखणं काही थांबलं नाही."

"चाचणीसाठी रक्त घ्यायला नर्स घरी आली, तेव्हा तुम्ही होतात?"

"मी संत्री पोचवायला गेलो होतो. नोरीन होती."

नोरीन ही मर्लची धाकटी बहीण. तरुणपणीच न्यूझीलंडला, डनेडिनला गेलेली. मर्ल आजारी पडल्यावर येऊन राहिली होती.

"मी शेजारीच बसले होते तिच्या," नोरीन म्हणाली. "हात धरून. सुईला घाबरायची ती."

नर्स टीगन फोनवर सापडली.

"आठवतात की! गमत्या बाई होत्या. नाव, जन्मतारीख झटक्यात सांगितली. दारात माझा पाय अडखळला तर म्हणाल्या, 'अगं, माझ्या जँडल्स तुडवशील!' म्हटलं, आजार नुकता सुरू झाला असेल."

"घरात आणखी कोणी?"

"आतल्या खोलीत एक बाई झोपल्या होत्या. बहीण आहे म्हणाल्या."

ग्वेनने लगेच रत्नायकेंना फोन लावला. "त्या सीरममध्ये रॉस रिव्हरची प्रतिपिंडं आहेत का बघा. शवातल्या रक्तातही बघा."

उत्तर आलं तशी ती पुन्हा रेनमार्कला, क्लाइव्हच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. क्लाइव्ह आणि नोरीन समोर होते.

"तो ताप एकदा येऊन गेला की त्याची खूण रक्तात राहते," ग्वेन म्हणाली. "मर्लच्या शवात ती सापडली. कुपीत नाही. म्हणजे लॅबने काही चुकवलं नाही. कुपीत मर्लचं रक्त नव्हतंच. सुई टोचून घेणाऱ्या बाईने चपलांना जँडल्स म्हटलं. आपल्याकडे ऑस्ट्रेलियात कोण म्हणतं तसं? न्यूझीलंडचे लोक म्हणतात. नोरीन, खुर्चीत तुम्ही बसला होतात. मर्ल आत झोपली होती."

क्लाइव्ह वळला. "नोरीन?"

"आधी एका चाचणीने तिला नाकारलं होतं," नोरीन म्हणाली. "फोन मी घेतला. धोका आहे म्हणाले. तुला सांगितलं नाही. माझं रक्त चालेल असं वाटलं."

"धोका माहीत असताना? का?" ग्वेनने विचारलं.

नोरीन टेबलावर बोट घासत राहिली.

"सतरा वर्षांची असताना मला मुलगी झाली. आईने तोंड बघू दिलं नाही. मर्ल तिला घेऊन गेली, कुणाला तरी दिली. कुणाला, ते तिने आईला वचन दिलं म्हणून कधी सांगितलं नाही. आई गेल्यावरही नाही. शेवटी मी विचारायला आले, तर मर्ल मला 'मॅडम' म्हणाली. ते नाव तिच्या डोक्यात होतं गं सार्जंट. गाळ निघाला तर निघेल, असं वाटलं मला."

"आणि निघालं?"

"नाही."



"मला का नाही विचारलंस?" क्लाइव्ह म्हणाला. "बाळाला नेलं त्या दिवशी गाडी मी चालवत होतो."

नोरीनचं बोट थांबलं.

"लोरेन नाव तिचं. इथून जवळच, बेरी गावात, शाळेत शिकवते." तो उठला आणि खुर्ची नीट आत सरकवून ठेवली. "मर्लच्या अंत्यविधीनंतर हॉलमध्ये तुझ्या हातात चहाचा कप दिला ना, तीच."