पोपटाला माझी भीती वाटायची

जिन्याच्या वळणावर आम्ही समोरासमोर आलो, तेव्हा माझ्या दोन्ही हातांत पोपटाचा पिंजरा होता. तळमजल्यावरचा घड्याळजी वाट द्यायला भिंतीला चिकटून उभा राहिला. पण पिंजराच एवढा रुंद, की दोघांनाही हलता येईना.

"पाळलाय?" त्याने विचारलं.

"आत्ताच. शेजारच्या मावशी लेकीकडे राहायला गेल्या, म्हणून हा माझ्याकडे."

"कोण कोणाला पाळतंय ते आठ दिवसांत कळेलच," म्हणून तो हसला. मी तेव्हा चोवीस वर्षांची. त्या हसण्याने माझे कान गरम झाले होते, हे अजून आठवतं.

मी घरीच शिवणकाम करायची. पिंजरा मशीनशेजारी टांगला. भिजवलेले हरभरे, पेरूची फोड, हिरवी मिरची... सगळं करून पाहिलं. मी जवळ गेले की पोपट मागच्या गजांना चिकटायचा, पिसं अंगाशी आवळून घ्यायचा. मी खोलीबाहेर गेले तरच कसेबसे चार दाणे टिपायचा. दिवसेंदिवस वाळत चालला होता.

शेवटी घड्याळजीला गाठलं. "पक्ष्यांतलं काही कळतं तुम्हाला?"

"नाही. पण न हलता बसायला येतं."

मग तो रोज जेवणाच्या सुट्टीत वर येऊ लागला. तळहातावर सूर्यफुलाच्या बिया घेऊन, पिंजऱ्यात हात घालून अर्धा अर्धा तास बसायचा. मी दाराआडून बघायची. पोपटाकडे बघायची, असं तेव्हा स्वतःला सांगायची. पाचव्या दिवशी पोपटाने त्याच्या हातावरची बी उचलली!

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "शिकवणी बरी चाललीय. कोणाची, ते मी विचारत नाही."

पण मी आत पाऊल टाकलं, की पोपट पुन्हा मागच्या गजांना.

"एवढी वाईट दिसते का हो मी?"

"पोपटाचं माहीत नाही," तो म्हणाला, "मला तरी..." आणि एकदम बियांकडे बघू लागला.

त्या रविवारी मीच मन घट्ट केलं. "तुम्हीच घेऊन जा याला. माझ्याकडे उपाशी मरेल." पोपट गेला की घड्याळजीही वर यायचा नाही, हे कळत होतं.

"थांबा," तो म्हणाला. "एकदा बाहेर जाऊन पुन्हा आत या. सावकाश."

मी आले. तो माझ्याकडे नाही, पोपटाच्या डोळ्यांकडे बघत होता... बंद घड्याळात कुठलं चाक अडलंय ते शोधावं, तसा.

"तो तुमच्या तोंडाकडे बघतच नाही. गळ्याकडे बघतोय."

मी गळ्याला हात लावला. मापाची टेप! सकाळी उठल्यापासून गळ्यात असायची, ती आहे हेसुद्धा मी विसरलेली. दोन टोकं छातीवर लोंबत, चालताना वळवळत.

"त्याच्या डोळ्यांनी बघा," तो हळूच म्हणाला. "तुम्ही रोज गळ्यात साप घालून जेवण वाढताय."

मला हसू आणि रडू एकदमच आलं.

"काढू?"

मी मान हलवली. मला बोटसुद्धा न लावता त्याने ती उचलली, घड्याळाचा काटा उचलावा तशी.

मी तळहात आत धरला. पोपट एक पाऊल सरकला... थांबला... आणि माझ्या हातावर चढला. देवा, काय वर्णन करू! वजन जवळजवळ नाहीच. गार, खरखरीत पंजे, आणि त्यांच्यातून जाणवणारी ती इवलीशी, भराभर चाललेली धडधड. डोळ्यातलं काळं बुबुळ लहान-मोठं होत होतं. एवढ्याशा जिवाने माझ्यावर विश्वास ठेवला होता. आम्ही दोघंही श्वास रोखून उभे होतो.

"म्हणजे माझं काम संपलं," टेप बोटांवर गुंडाळत तो म्हणाला.

मी पोपटावरची नजर काढली नाही. "बोलायला शिकवायचंय अजून."

"किती दिवस लागतात?"

"काही पोपट कधीच बोलत नाहीत म्हणे..."

त्याने गुंडाळलेली टेप मशीनवर ठेवली. मग म्हणाला, "चालेल. पण जन्मभर असा जिना चढायचा, तर... तुमच्या आईंना विचारू का?"

"आईला कशाला? मला विचारा."

"विचारलं."

"हो," मी म्हटलं. हात हलू नये म्हणून अगदी हळू.

पोपट आमच्या संसारात एकोणतीस वर्षं जगला. एक शब्द बोलला नाही. आम्ही शिकवलाच नाही.