जावयाची छत्री

शिडीवरून आधी हेल्मेटसकट एक डोकं वर आलं, मग खांद्यावरची वायरची गुंडाळी, आणि मग अख्खा माणूस. स्लॅबवर मूग वाळत घालणाऱ्या आचलनं हातातलं सूप उगारलं.

"कोन रे?"

"मारू नका, मॅडम! छत्रीवाला आहे." तो शिडीवरच थांबला. "नेट हळू चालते अशी तक्रार इथूनच आली ना?"

"मंग खालून आवाज नाई देता येत?"

"दिला की. तुमचे बाबा म्हनले, वर जा, पोट्टी वरच आहे. सूप घेऊन उभी आहे, हे नाई सांगतलं त्याईनं."

आचलला हसू आलं, पण अनोळखी माणसासमोर काय हसायचं, म्हणून तिनं ते मुगात पाहून आवरलं. अमरावतीहून मोटारसायकलवर आलेला, धुळीनं भुवया पांढऱ्या झालेला हा माणूस म्हणजे विपुल. मूळचा अकोल्याचा. त्याच्या घरचे भाजीपाला पिकवायचे आणि विकायचे. हा एकटाच वायरींच्या नादी लागला होता.

आता छत्रीचं सांगायला हवं. अचलपूरच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या या गावात मोबाईलला रेंज म्हणून नाही. आचलचे बाबा खुशालराव झेंडू आणि शेवंती लावायचे, आणि अमरावतीच्या बाजारात त्यांच्या फुलांना मान होता. उन्हाळ्यात त्यांच्या आचलचा साखरपुडा झाला. मुलगा सागर, घर अकोल्यात, नोकरी आयर्लंडला. मुलामुलीला बोलायला अडचण नको, म्हणून व्याह्यांनी खुशालरावांच्या स्लॅबवर सॅटेलाइटचं इंटरनेट बसवून दिलं. थेट आभाळातून येणारं! गाव पाहायला लोटलं होतं. लोकांनी त्या गोल तबकडीचं बारसंही केलं — जावयाची छत्री. खुशालरावांची मान तेव्हापासून जी वर झाली, ती खाली यायचं नाव घेत नव्हती. लग्न तुळशीच्या लग्नानंतर, मार्गशीर्षात ठरलं होतं.

आणि त्याच छत्रीचं नेट आता रडत होतं. सागरचा चेहरा अर्ध्यातच थिजायचा, डोळे मिटलेले, तोंड उघडं.

विपुलनं छत्रीभोवती एक चक्कर मारली आणि घराला खेटलेल्या शेवग्याकडं बोट केलं. "हा पाहा चोर. पावसात असा वाढला की छत्रीचं अर्धं आभाळच झाकून टाकलं. फांद्या तोडा लागतीन."

खालून आचलची आई, शालूबाई, ओरडली, "तोडू नका हो! शेंगा लागतीन ना आता!"

"शेंगा का जावई, काय ते एक ठरवा, काकू!"

काकूंनी कोयता आणून दिला.

फांद्या पडल्या, आभाळ मोकळं झालं. तरी विपुल निघाला नाही. त्यानं आचलच्या फोनमध्ये एक पान उघडून दिलं. लाईन कधी तुटली, घरातल्या कोणत्या फोननं किती डेटा खाल्ला, आलं किती, गेलं किती, सगळं तिथं दिसत होतं. महिन्याचा वेगवान डेटा अर्ध्या महिन्यातच संपत होता. आणि सगळ्यात जास्त खाणारा फोन निघाला खुशालरावांचा!

"मी तं एकच शंकरपट पाह्यतो बावा दुपारी," खुशालराव कानकोंडे झाले.

"एक तुमी पाह्यता, काका. तुमचा डोळा लागला की पुढचे आपोआप लागते. तुमी घोरता, अन् बैलं धावतच राह्यते."

आचल आता मात्र खळखळून हसली. विपुलनं तिच्याकडं पाहिलं... जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि मग घाईनं पाना शोधू लागला. पाना त्याच्या हातातच होता. तो गेल्यावर आचलच्या ध्यानात आलं, की घरी येणारा प्रत्येक कामगार तिला ताई म्हणतो. यानं एकदाही म्हटलं नव्हतं.

चार-सहा दिवस नेट झकास चाललं. मग सागर पुन्हा म्हणू लागला, "आवाज तुटतोय गं. तुमच्याकडचं नेटवर्कच खराब. थांब, मी व्हिडिओ बंद करतो." आणि काळ्या पडद्याशी आचल बोलत राहायची.

तक्रार गेली, विपुल आला. त्यानं वायर बदलली, वायफायचा डब्बा बंद करून पुन्हा चालू केला, आपल्या मित्राला व्हिडिओ कॉल लावून पाहिला. मित्राच्या मागच्या भिंतीवरची पालसुद्धा दिसत होती. मग तो आचलच्या फोनमधलं ते पान खाली-वर करत बसला, आणि एका ठिकाणी त्याचं बोट थांबलं.

"काय झालं?" आचलनं चहा पुढं केला.

"काई नाई... वायर जुनी होती."

चहा पिता पिता दोघं कठड्याशी उभे राहिले. खाली झेंडू पिवळाधमक पसरला होता. त्यानं विचारलं, शेवंतीची रोपं कुठून आणता, आणि आचल जी बोलत सुटली! रोपं, कळ्या, बाजारातले दलाल, अर्धवट राहिलेलं एम.एस्सी... चहा कधीच संपला होता. "लग्न झाल्यावर तिकडं फुलं असतीन का?" त्यानं विचारलं.  सागरनं हे तिला कधी विचारलंच नव्हतं. ती सागरला काय आवडतं हे पाठ करत होती, आणि त्याला तिचं एकही फूल माहीत नव्हतं. हे मनात येताच तिची तिलाच लाज वाटली. ठरलेलं लग्न आहे आपलं, असं तिनं स्वतःला दटावलं.

दसऱ्याच्या सुमारास तो कॉल झाला. संध्याकाळची वेळ, आई-बाबांचे फोन बंद, घरात नेट वापरणारं दुसरं कोणी नाही. आचल सागरला विचारत होती, लग्नासाठी सुट्टी कधीपासून मिळणार?

"हॅलो? हॅलो... काहीच ऐकू येत नाहीये आचल. फार तुटतंय."

तिनं तोंडातल्या तोंडात, अगदी हळू म्हटलं, "ठेवू का मंग?"

"हो हो, ठेव. बोलू नंतर," सागर लगेच म्हणाला.

फोन ठेवून आचल पायरीवर बसून राहिली. तिला कळलं होतं. पण कळलं तरी ते कबूल कोण करतं? अंगणात बाबा शेजारच्या माणसाला मांडव केवढा घालायचा ते हातवारे करून सांगत होते. ते मोडणारा एक शब्दही तिच्या तोंडून निघेना. सकाळी उठून तिनं पुन्हा तक्रार नोंदवली.

विपुल आला. या खेपेला त्यानं हत्यारांची पेटीच उघडली नाही. छत्रीपाशी नुसताच उभा राहिला.

"काय बदलनार आज?" आचलनं विचारलं. "छत्री? का खांबच?"

"मॅडम..."

"खरं सांगा. दोष कुठं आहे?"

तो खाली पाहत म्हणाला, "इथं नाई."

"कधीपासून नाई?"

"शेवगा तोडला तेव्हापासून. लाईन एकदाई तुटली नाई. तुमच्या कॉलच्या वेळी इकडून जानारं भरपूर दिसते... तिकडून येनारं नावालेच."

"म्हनजे तुमाले मागच्याच खेपेले माहीत होतं!" तिचा आवाज चढला. "अन् वायर जुनी म्हनून सांगतलं? मी येडी रोज त्या काळ्या पडद्याले हॅलो हॅलो करून राहिली, अन् तुमी चहा पिऊन गेले? काहून नाई सांगतलं?"

विपुलनं वर पाहिलं. 

"सांगतलं असतं तं... त्याच्यात माहाच फायदा होता. म्हनून तोंड उघडलं नाई. वाटलं, मी हे तुमच्यासाठी सांगून राहिलो का माह्यासाठी? मलेच समजत नव्हतं."

आचल दचकली. कानापर्यंत गरम झालं, आणि त्याच वेळी डोळे भरून आले. राग कुणाचा करावा, तेच तिला उमगेना. तिनं पदरासारखी ओढणी कमरेला खोचली आणि एवढंच म्हणाली, "जा तुमी."

तो गेला. त्याच संध्याकाळी तिनं सागरला फोन लावला.

"आवाज तुट—"

"नाही तुटत," आचल शांतपणे म्हणाली. "लाईन चांगली आहे, सागर. मी तपासून बसली आहे. आज बोला."

 कितीतरी दिवसांनी त्यानं कॅमेरा चालू केला. चेहरा रडवेला होता. तो सांगू लागला — आयर्लंडलाच एका मुलीवर माझं प्रेम आहे, पहिल्यापासून. वडिलांना सांगायची हिंमत झाली नाही. वाटलं होतं, असंच टाळत राहिलं तर तूच कंटाळून नाही म्हणशील.

"म्हनजे बोल माह्यावर आला असता," आचल म्हणाली. "माह्या बाबाची मान खाली गेली असती, अन् तुमी मोकळे. सागर, हिंमत नव्हती तं नसू द्या. पन माह्या आभाळाले काहून दोष देत होते?"

तिनं फोन ठेवला.

तिनं स्वतःच बाबांना सांगितलं. खुशालराव ओसरीवर ऐकत बसले.  शालूबाई तोंडात पदर धरून रडली. मग खुशालराव उठले, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मले वाटलं, तू खुश आहे म्हनून मी नाचत होतो व माय." दुसऱ्या दिवशी साखरपुड्याची अंगठी आणि साडी घेऊन ते एकटेच अकोल्याला गेले, आणि देऊन आले. गावानं दोन दिवस कुजबुज केली. खुशालराव मात्र रोज चावडीवरून ताठ मानेनं जायचे.

तुळशीचं लग्न लागलं, मार्गशीर्ष उजाडला. मांडवाच्या जागी शेवंतीचे ढीग पडले. छत्री उतरवून अकोल्याला परत करायची होती, आणि ती उतरवायला अर्थातच विपुल आला.

खुशालराव फुलं घेऊन बाजारात गेले होते. त्यानं मुकाट्यानं नट सोडले. आचलनं खांबाचं दुसरं टोक धरलं. थंड वारा सुटला होता. शेवटी सगळं खोक्यात बसलं, वायर गुंडाळून झाली.

"झालं," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "झालं... आता इथं माहं काई काम नाई राह्यलं. म्हनून आता सांगतो. मले तुमी आवडता. त्या दिवशीच्या सुपापासून."

आचल खालच्या शेवंतीकडं पाहत राहिली. तिनं घाई केली नाही.

"माहं मन अजून दुखते," ती म्हणाली. "अन् तुमच्यावरचाई राग पुरा नाई गेला. मले वेळ लागन."

"लागू द्या."

त्यानं खोकं खांद्यावर घेतलं आणि शिडी उतरू लागला. अंगणात पोचला, मोटारसायकलला खोकं बांधलं. आचल कठड्याशी आली.

"इथं फोन लागत नाई!" तिनं वरून हाक दिली.

"माहीत आहे," तो म्हणाला. "यावंच लागन."

 ती कठड्यावर वाकून म्हणाली, "आजच्यासारखं शनिवारी येऊ नका. शनिवारी बाबा बाजारात असते." आणि आवाज जरा कापला तरी तिनं वाक्य पुरं केलं, "रविवारी या. रविवारी बाबा घरी असते."