तापीबाईचा चौकोन

ब्राह्मणपुरीच्या कापूस सोसायटीतला कारकून रूपचंद १९६५ साली मुंबईहून दोन महिन्यांचं कार्यपद्धतीचं शिक्षण घेऊन परतला. कागद कुणाच्या हातून कुणाच्या हाती जातो ते चौकोन आणि बाणांनी काढायचं, फालतू चौकोन खोडायचे, अशी ती विद्या. आपल्या कचेरीचा असा एक नकाशा काढून पाठवला की प्रमाणपत्र, वर तोंडी परीक्षा दिली तर पहिली श्रेणी, आणि प्रमाणपत्र आलं की हेडक्लार्कची खुर्ची.

त्यानं कापसाच्या गाडीची चिठ्ठी धरली. फाटकावर भिला ती फाडायचा, काट्यावर तिच्यावर वजन चढायचं, शेवटी ती गोदामात पोचायची. पण काट्यावरून गोदामात ती नेतं कोण?

"तापीबाई लई जास," भिला म्हणाला. काटेवालाही तेच म्हणाला, गोदामवालाही.

"तू देखी का तिले कधी?"

"देखाले येळ कोनले शे, भाऊ? गाड्या उभ्या शेतस."

हजेरीपटावर तापीबाई नव्हती. रूपचंद दिवसभर ओट्यावर पहारा देत बसला. काट्याजवळच्या स्टुलावर चिठ्ठ्या साचत. तो पेन्सिलीला टोक काढी, नाहीतर शिंके, तेवढ्यात त्या गोदामात नंबरवार लागलेल्या असत. मागे मशेरीचा वास तेवढा रेंगाळे.

"हे शास्त्रात बसत नाही," म्हणत त्यानं तिचा चौकोन खोडला, स्टूल उचलून आत टाकलं आणि चिठ्ठ्या स्वतः नेऊ लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकशेबारा नंबरची गाडी बाराच्या ढिगावर रिकामी झाली होती. साठ गाड्या रस्त्यात अडकल्या, बैल पुढच्या गाडीतला कापूस चघळू लागले. चेअरमन शांतीलालभाई एकाच पायात वहाण घालून धावत आले.

"काय करी ऱ्हायना रे तू?"

"सुधारणा, भाई."

"तिन्हं स्टूल जागावर ठेव पहिले!"

त्यानं ठेवलं. अर्ध्या तासात रस्ता मोकळा झाला.

रूपचंदनं हिरमुसून चौकोन परत काढला, आत 'तापीबाई, हुद्दा नाही' असं लिहिलं आणि नकाशा मुंबईला धाडला.

तीन आठवड्यांनी लाखबंद पाकीट आलं. मुंबईच्या शिकवणाऱ्या मास्तरांनी लिहिलं होतं, 'नकाशा ठीक. तोंडी परीक्षेला तापीबाईंना पाठवलंत, बरं केलंत. बाई फार हुशार.'

आत दोन प्रमाणपत्रं होती. रूपचंद दुसऱ्या श्रेणीत.

तापीबाईचं पहिल्या श्रेणीचं. खाली, घेणाऱ्याच्या सहीच्या जागी, अंगठा उठला होता.

रूपचंदनं त्यावर बोट ठेवलं.

शाई ओली होती.