आईच्या नावाची घागर

खोटंच रचायचं असतं तर मी स्वतःला यात जरा बरं दाखवलं असतं. तसं केलेलं नाही. जे घडलं तेच लिहितेय.

मागची अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. फैजपूर, माझं माहेर. आणि वेळ रात्रीची नव्हती... भर दुपारची होती.

मी ज्योत्स्ना. धुळ्याला देवपुरात राहते, सकाळच्या शाळेत शिकवते. आई दिवाळीनंतर गेली. संक्रांतीला वडील, आमचे आबा, घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा मी येऊन गेले होते. त्यानंतर सगळं फोनवरच.

फोनवर भाऊ, नवीन, नेहमी म्हणायचा, "आबा झोपले आहेत."

मी म्हणायचे, "बरं, नको उठवू."

इतकं सोपं होतं ते.

आमच्याकडे अखाजीला वारलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. आईची ही पहिलीच अखाजी. वहिनीने माझ्यासमोर नवी घागर काठोकाठ भरली, वर छोटं मडकं ठेवलं, त्यावर आंबा. पुरणपोळी, आमरस, सांजोऱ्या, सगळं साग्रसंगीत. वहिनीच्या हाताला चव आहे, हे मान्य करावंच लागेल. मी दोनदा रस मागून घेतला.

"आबांचं ताट?" मी विचारलं.

"त्याइचं सकाळीच झालं. झोपले मागच्या खोलीत," वहिनी म्हणाली.

मागची खोली म्हणजे अंगणापलीकडची. पूर्वी तिथे केळीच्या ठिबकच्या नळ्या आणि खताच्या गोण्या असायच्या. आबांना तिथे का ठेवलंय, हे मी विचारायला हवं होतं.

नाही विचारलं. पोट भरलं होतं, डोळे मिटत होते.

सगळे आडवे झाले. कूलर घरघरत होता. आणि लाइट गेली.

कूलर थांबला. एकदम सगळं शांत झालं. गल्लीत कुत्रंसुद्धा नाही.

आणि मग देवघरातून आवाज आला...

मडक्यावर मडकं घासल्याचा.

मग पाणी ओतल्याचा. हळू... कुणाला जाग येऊ नये अशा बेताने.

मी उठून पाहिलं. देवघरात कुणी नव्हतं. वरचं मडकं आंब्यासकट नीट खाली काढून ठेवलेलं होतं. आणि घागर अर्धी झाली होती. खाली थेंबही सांडलेला नव्हता.

मी वहिनीला हाक मारली. तिने डोकावून पाहिलं.

"नवी घागर आहे, पेत असीन पानी," असं म्हणून तिने ती पुन्हा भरली आणि वर मडकं ठेवून निघून गेली.

मी तिथेच बसले. डोळे घागरीवर.

किती वेळ गेला माहीत नाही. एक क्षण मी पदराने घाम पुसला. तेवढाच.

मडकं खाली होतं. घागर अर्धी होती.

आणि फरशीवर... पाऊल.

ओलं, अनवाणी, लहान पाऊल. त्यापुढे दुसरं. उजवं पूर्ण उमटलेलं. डाव्याचा फक्त चवडा.

लहानपणी विळा लागल्यापासून आईची डावी टाच जमिनीला टेकायची नाही.

पावलं देवघरातून स्वयंपाकघरात गेली होती. तिथून मागच्या दाराने अंगणात. वैशाखातलं ऊन, फरशी अशी तापलेली की पाय ठेवला तर पोळावा. अशा फरशीवर पाणी पडलं की बघता बघता सुकतं.

ती पावलं सुकत नव्हती.

मी चप्पल न घालताच त्यांच्या मागे गेले. पाय भाजले. पावलं मागच्या खोलीच्या दाराशी थांबली. दाराला बाहेरून कडी होती.

बाहेरून.

मी कडी काढली. आधी वास आला. मग आबा दिसले. बिनगादीच्या खाटेवर, नुसत्या प्लॅस्टिकवर. ओठ फुटलेले, मनगटांवर काळेनिळे वळ. चष्मा नाही. पाण्याचा तांब्या उंच फळीवर, त्यांचा हात कधीच पोचणार नाही इतका उंच. मी तो उतरवला. आत कोळ्याचं जाळं होतं.

पण आबांची हनुवटी ओली होती. दाढीच्या खुंटांवरून पाणी गळत होतं.

माझ्या सावलीकडे बघून ते हसले.

"आली का व बेबा? आज लय येळ लावला."

बेबा. बेबाबाई... माझी आई.

"आबा, मी ज्योत्स्ना."

त्यांचं हसू मावळलं. पाय पोटाशी घेतले, हात डोक्यावर धरले.

"मी वलं नही केलं... नही केलं. हात लावून पाहाय."

माझे आबा. ज्यांच्या आवाजाने शेतातली माणसं सरळ व्हायची, ते मला घाबरत होते.

मागे वहिनी आणि नवीन येऊन उभे राहिले होते. मी ओरडले, खूप ओरडले. वहिनीही ओरडली. "पानी पाजलं का अथरून वलं व्हते! धुयाले कोन आहे इथी? तू येतं का धुयाले?"

नवीनने मान खाली घातली. म्हणाला, "ताई, हळू बोल. गल्लीत आवाज जातो."

आणि मी... आवाज हळू केला.

बाप तसा समोर पडलेला असताना मला गल्लीची लाज वाटली. ते आठवलं की आजही जेवण गोड लागत नाही.

मग मी ज्येष्ठ नागरिकांच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "वडिलांना असं कधीपासून ठेवलंय?" आवाज ऐकून शेजारच्या तानुबाई दारात आल्या होत्या. उत्तर त्यांनी दिलं. "संक्रांतीपासून बोंबलता बिचारे. आम्हाले ऐकू ये, पन घरातलं कसं बोलावं, बाई?"

गाडी करून आबांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चामडी चिमटीत धरली, ती तशीच उभी राहिली. "अंगात पाणीच नाही," ते म्हणाले. "दोन घोटांवर कसे तगले, कळत नाही."

पोलिसात तक्रार दिली. नवीन आता बोलत नाही. नात्यातले म्हणतात, बहिणीने भावाला चव्हाट्यावर आणलं. म्हणोत.

आबा माझ्याकडे देवपुरात आहेत. अंगावर मांस धरलंय. तांब्या भरून उशाशी ठेवला तरी प्यायच्या आधी विचारतात, "पेऊ का?" रोज. प्रत्येक घोटाला.

एकदा धीर करून मी त्यांना विचारलं, "आबा, आई खरंच यायची?"

"ये ना. घागर नव्हती तं वंजळीत आने," ते म्हणाले. जसं काही रोजचंच. मग माझ्याकडे टक लावून पाहिलं.

"पन पहिले ते तुह्याकडेच आली व्हती. धुळ्याले. म्हने, घंटी वाजोली, वाजोली... पोरीनं दारच नही उघडलं. मंग आली मह्याकडे."



होळीनंतर आमच्या दाराची बेल रोज भरदुपारी वाजायची. दाराच्या भिंगातून पाहिलं तर बाहेर कुणी नसायचं. मला वाटलं, बिल्डिंगमधली कार्टी. झोपमोड व्हायची म्हणून मी इलेक्ट्रिशियन बोलावून बेलची वायर काढून टाकली होती.

आता ती पुन्हा जोडून घेतली आहे. अजून वाजली नाही. दुपारी मी झोपत नाही, दारासमोर खुर्ची टाकून बसते.

पण वाजलीच, तर कुठल्या तोंडाने दार उघडू?