चांगूच्या उलट दिशेला

प्रयोगशाळेच्या टेबलावर तीन यंत्रं मांडली होती आणि हिराजी चोगले त्यांच्याकडे नाक मुरडून बघत होता, शेजारणीच्या टोपलीतली मासळी बघणाऱ्या कोळणीसारखा. 'जलवेध' कंपनीची ही प्रयोगशाळा रत्नागिरीत, बंदराला लागूनच होती. खिडकीतून मोठ्या ट्रॉलरांच्या डोलकाठ्या दिसत होत्या. हिराजीची होडी मात्र अठरा फुटी, मागे एक छोटं इंजिन, आणि वर माणूस एकच, तो स्वतः. भाऊ थकला, पुतण्या कुवेतला गेला, तेव्हापासून जाळं टाकणारा तोच आणि ओढणाराही तोच. एकट्या माणसाला अंदाजाने पाणी धुंडाळत फिरणं झेपत नाही, म्हणून वयाच्या एकसष्टाव्या वर्षी तो मासळी शोधायचं यंत्र बघायला आला होता.

"हे पहिलं ट्रॉलरवाल्यांसाठी," डॉ. शाल्मली म्हणाल्या. वाटाड्या नावाचं तिसरं यंत्र त्यांनीच बनवलं होतं, पण आधी दुसऱ्यांचा माल दाखवायचा प्रामाणिकपणा त्यांच्यात होता. "याच्या किमतीत तुमच्यासारख्या दोन होड्या येतील. दुसरं परदेशी. जीपीएस उत्तम, मासळीही दाखवतं, पण फक्त होडीखालची. पन्नास हात बाजूला काय आहे ते त्याला ठाऊक नाही."

"आणि हे तिसरं एवढं स्वस्त कसं? काहीतरी खोट असणार."

"खोट नाही, काका. वाटाड्याही ध्वनिशोधकच आहे. खाली आवाज सोडतो, तो मासळीला आपटून परत आला की थवा किती नि किती खोल ते कळतं. फरक एवढाच, की तुमच्या होडीला जे कळलं ते तो किनाऱ्यावर पाठवतो. असं तीनशे होड्यांकडून येतं आणि त्याचा एक सामायिक जलनकाशा बनतो. तुमची माहिती आम्हाला मिळते, म्हणून यंत्र स्वस्त."

"म्हणजे माझी जागा तुम्ही तीनशे जणांना सांगणार. तिथे जत्रा भरेल की."

"तेवढ्यासाठी विलगता-नियम घातलाय. पडद्यावर नकाशा दिसतच नाही, नुसता एक बाण दिसतो. बाण दाखवेल तिकडे जायचं. कुठली होडी कुठे पाठवली की सगळ्यांची मिळून मासळी जास्त येते हे वाटाड्या रोजच्या अनुभवाने शिकतो आणि दर काही मिनिटांनी सगळ्यांचे बाण बदलतो. दोन होड्या एका पाण्यात कधी येणार नाहीत."

हिराजीने आणखी पुष्कळ खोदून विचारलं. उन्हात पडदा दिसतो का, खाऱ्या पाण्याने बटणं गंजतात का, बॅटरी किती तास टिकते. दोन होड्या एका पाण्यात येणार नाहीत, हे त्याला तेव्हा फार बरं वाटलं होतं. त्याने वाटाड्या घेतला आणि दुसऱ्या दिवशी चांगूलाही घ्यायला लावला.

चांगू पावसे कुडाव्याचा, खाडीच्या दक्षिणेकडला. हिराजी उत्तरेला, वेळशेतला. रस्त्याने जायचं तर खाडीला वळसा घालून दीड तास, त्यामुळे दोघांनीही एकमेकांचं घर कधी पाहिलं नव्हतं. त्यांची दोस्ती पाण्यावरची. सव्वीस वर्षं दोघं हाकेच्या अंतरावर जाळी टाकत. दहाच्या सुमाराला होड्या एकमेकींना बांधायच्या, डबे सोडायचे आणि तासभर यथेच्छ भांडायचं. कुणाचं इंजिन जुनं, कुणाचा जावई आळशी, विषय कुठलाही चाले. बायको गेल्यापासून हिराजीचं दिवसभरातलं खरं बोलणं काय ते त्या एका तासात होई. हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं आणि चांगूला तर नाहीच नाही.

वाटाड्या बसवल्यावर महिनाभर सगळं ठीक चाललं; बाण थोडं लांब ठेवी, तरी दहाला दोघं बाण सोडून होड्या बांधायला येत. मग हळूहळू दोघांचे बाण फाकू लागले. आधी चांगूची होडी लांबून दिसायची, मग ठिपक्याएवढी, आणि दिवाळीनंतर दिसेनाशीच झाली. मासळी मात्र वाढली. पोट भरलं आणि तोंड बंद पडलं. हिराजी इंजिनाशी बोलू लागला, समुद्रपक्ष्यांना शिव्या देऊ लागला. चांगूचा फोन नंबर त्याच्याकडे नव्हता. रोज भेटणाऱ्या माणसाचा नंबर कोण घेऊन ठेवतो? जानेवारी आला तेव्हा चांगूला बघून दोन महिने उलटले होते, आणि हिराजीला त्याची आठवण अशी यायची की दहा वाजले की डबा उघडवत नसे. शेवटी मासेमारीचा एक दिवस बुडवून तो पुन्हा रत्नागिरीला गेला.

डॉ. शाल्मलींनी नोंदी उघडल्या आणि दोन होड्यांचे मार्ग पडद्यावर शेजारी लावले.

"काका, एरवी कुठल्याही दोन होड्यांत वाटाड्या दोन मैलांचं अंतर ठेवतो. तुमच्यात आणि कुडाव्याच्या या एका होडीत त्याने चौदा मैल ठेवलेत. हे आम्ही त्याला सांगितलेलं नाही. तो स्वतः शिकलाय."

"का पण? आम्ही त्याचं काय घोडं मारलं?"

"पहिल्या महिन्यात तुम्ही दोघं जवळ असलात की रोज दहा ते अकरा दोघांचीही जाळी नुसती पडून. मासळी शून्य. दुसऱ्या कुठल्याही जोडीत असं होत नाही. त्याला कारण कळत नाही, तोटा तेवढा कळतो."

"जेवायचो आम्ही," हिराजी म्हणाला.

शाल्मलींनी नोंदी बंद केल्या. एका जोडीपुरता नियम बदलायचा तर तीनशे होड्यांचं गणित हलतं आणि तशी परवानगी त्यांना नव्हती. "वाटाड्या तुम्हाला नेहमी त्या होडीच्या उलट दिशेला पाठवणार," त्या ओशाळून म्हणाल्या. "तुम्ही हट्टाने तिच्याकडे निघालात तर तो तिलाही आणखी लांब ढकलेल. मला वाईट वाटतं, काका."

त्या हे दुःखाची बातमी म्हणून सांगत होत्या. हिराजी मात्र परतताना एसटीत बसून विचार करत राहिला. बाण चांगूच्या उलट दिशेला. म्हणजे बाणाच्या शेपटाकडे चांगू.

दुसऱ्या सकाळी त्याने पडताळून पाहिलं. बाण उत्तरेला होता. त्याने मुद्दाम दक्षिणेला तोंड केलं आणि मैलभर गेला, तसा बाण तडफडून पश्चिमेला, मग पुन्हा उत्तरेला वळला. तिकडे दूर कुठेतरी चांगूला ढकललं जात होतं आणि तो वाटाड्याच्या नावाने खडे फोडत असणार. हिराजी एकटाच मोठ्याने हसला.

त्या दिवसापासून तो बाण वाचू लागला. दिवसभर बाण इकडचा तिकडे होई आणि हिराजी त्यावरून चांगूचा दिवस ताडत बसे. आज गडी उशिरा निघाला. आज खोल पाण्यात गेलाय. होळीला किनाऱ्याजवळच रेंगाळलाय, खाऊन सुस्तावला असेल. यंत्र बंद करून सरळ कुडाव्याला जाता आलं असतं. ते त्याला कळत नव्हतं असं नाही. पण मासळीचा हंगाम होता, आणि नुसतं भेटायला आलो म्हणून दारात उभं राहायचं तर लाजही वाटे. शिवाय चांगू आहेच की, बाण सांगतोय. बाण सांगत होता म्हणूनच तो जात नव्हता.

मार्चमध्ये एके सकाळी बाण सरळ दक्षिणेला वळला. कुडाव्यासमोरचं ते पाणी, तिथे वाटाड्याने त्याला कधीच जाऊ दिलं नव्हतं. चांगू आज उत्तरेला निघालेला दिसतोय, असं म्हणत हिराजी गेला आणि होडी काठोकाठ भरून आला. दुसऱ्या दिवशीही बाण तिथेच. तिसऱ्या दिवशीही. सुरमई, पापलेट, घोळ, एवढी मासळी त्याने दहा वर्षांत पाहिली नव्हती. आठ दिवस तो खुशीत होता.

नवव्या दिवशी जाळं ओढताना त्याचं पडद्याकडे लक्ष गेलं आणि हात थांबले. सकाळपासून बाण थव्यामागे चालला होता तेवढाच. एरवीसारखा एकदाही तडफडला नव्हता. आठ दिवसांत नव्हता. हिराजीने इंजिन चालू करून उत्तरेला होडी सोडली, एक मैल, दोन मैल, तीन मैल. चांगू तिकडे असता तर बाण उसळला असता. तो दक्षिणेच्या थव्याकडे बोट दाखवून शांत बसला होता. टाळायला समुद्रात कुणी नव्हतंच.

हिराजीने यंत्र बंद केलं आणि कुडाव्याच्या धक्क्याकडे होडी वळवली.

धक्क्यावर मासळी वाळवणाऱ्या बाईला त्याने चांगू पावश्यांचं घर विचारलं. घर दाखवताना तिचा चेहरा कसा होतो ते बघायची त्याला हिंमत झाली नाही. मान खाली घालून तो चालत राहिला. आता काय काय बघावं लागणार याची मनाशी तयारी करत त्याने वळण घेतलं, तर समोर ओट्यावर चांगू बसला होता. मांडीवर फाटकं जाळं, हातात सुई. धडधाकट.

"आलास," चांगू म्हणाला.

"तू बरा आहेस?"

"मला काय धाड भरलीय?"

"मग होडी का काढत नाहीस?"

"रत्नागिरीच्या त्या बाईंकडे मीही जाऊन आलो होतो, फेब्रुवारीत." चांगूने सुई थांबवली नाही. "त्यांनी सांगितलं बाणाचं. म्हटलं, मी समुद्रात नसलो की माझं पाणी मोकळं, मग ह्याचा बाण माझ्या दारात वळणार. हिराजी काय वेडा नाही. त्याला कळेल, आणि येईल."

"तूच का नाही आलास मग?"

"यंत्र घ्यायला कुणी लावलं मला? यायचं कुणी?" चांगूने आता वर बघितलं. "दुसऱ्याच दिवशी येशील असं वाटलं होतं. नऊ दिवस बसलोय इथे, हंगाम सोडून. कुठे होतास?"

इंजिन बिघडलं होतं म्हणता आलं असतं. ताप आला होता म्हणता आलं असतं. सव्वीस वर्षांत चांगूशी खोटं बोलायची सवय हिराजीला लागली नव्हती.

"तुझ्या दारासमोर," तो म्हणाला. "मासळी भरत होतो."

"नऊ दिवस?"

"हो."

"चांगली मिळाली?"

"खूप."

चांगूने मांडीवरचं जाळं गोळा केलं आणि सरकून ओट्यावर जागा केली. हिराजी मात्र बराच वेळ उभाच राहिला.